सरकारांसमोर बसायचं नाही

गोष्टी कोणी ठरवून साठवत नाही. गाडीच्या डिकीत जुने नट-बोल्ट साठतात, तसं ते आहे. कुठून निघाले ते आठवत नाही, परत कुठं बसत नाहीत आणि टाकवतही नाहीत. मी चाळीस वर्षं ड्रायव्हरकी केली. डिकी भरली आहे.

खर्ड्याच्या रस्त्याला बबनचं चहाचं हॉटेल आहे. तिथं आम्ही तिघं रोज बसतो. मी, बबन आणि दिवाणजी. बबन सरकारांचा आचारी होता. दिवाणजी कागदपत्रं पाहायचे; आता त्यांना ऐकू कमी येतं, पण चूक काढायची असली की बरोबर ऐकू येतं. मी मोटार चालवायचो. सरकारांना जाऊन दोन वर्षं झाली. एक जण म्हणतो, "ते आठवतंय का?" दुसरा म्हणतो, "आठवतंय, पण सांग."

आमच्या गावात सरकार म्हणजे एकच माणूस. जुन्या सरदार घराण्यातले शेवटचे. जहागीर कधीच गेली होती. जमीन सिलिंगमध्ये गेली. मुलगा पुण्याला कंपनीत गेला. राहिला तो मान. आणि एक काळी मोटार.

मी चौथी शिकलो. शोभेचं बोलता येत नाही. घडलं तसं सांगतो.

*

माझा बाप सरकारांच्या वडलांचा घोडा सांभाळायचा. घोडा गेला, मोटार आली. बाप गेला, मी आलो.

पहिल्या दिवशी दिवाणजींनी मला ओसरीवर उभं केलं आणि नियम सांगितले.

"सरकारांचं नाव घ्यायचं नाही. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. गाडीचं दार तू उघडायचं, तूच लावायचं. आणि सरकारांसमोर बसायचं नाही."

मी विचारलं, "मंग गाडी उभ्यानं चालवू का?"

बबन तेव्हा पोरगेला होता. तो आत फिदीफिदी हसला. दिवाणजी हसले नाहीत. ते घरी गेले. रात्रभर त्यांनी विचार केला असावा. सकाळी येऊन त्यांनी निकाल दिला.

"गाडीत बसण्यास हरकत नाही. तू समोर बसतोस खरा, पण तुझं तोंड समोर नसतं. आता सरकारांना पाठ दाखवणं हाही अपमानच आहे. पण तोंड फिरवलंस तर गाडी विहिरीत जाईल. चालेल!"

सरकार आतून सगळं ऐकत होते. ते नंतर गाडीत बसले तेव्हा एवढंच म्हणाले, "सुटलास रे!"

*

बाईसाहेबांचं माहेर अकोले तालुक्यातलं. डोंगर, भात आणि पाऊस. आमच्या जामखेडच्या कोरड्या मुलखात त्यांचा जीव रमला नाही. त्या बोलल्या कधी नाहीत. फक्त दर वर्षी पोळ्याच्या आधी म्हणायच्या, "भंडारदरा भरला असेल. एकदा दोघं जाऊन बघून येऊ."

सरकार म्हणायचे, "पुढच्या वर्षी."

ते खोटं बोलत नव्हते. पण धरण भरतं तेव्हाच पोळा येतो. मग गणपती, मग नवरात्र, मग दसरा. सगळीकडे पहिला मान सरकारांचा. मान टाकून जाता येत नाही.

एकदा आम्ही काष्टीला लग्नाला गेलो. जेवणं झाली. सरकार येऊन मागं बसले, मी दार लावलं. गाडीत टेकलं की सरकारांचा डोळा लागायचा. "चल," म्हणाले आणि डोळे मिटले.

बाईसाहेब अजून मांडवातच होत्या. मी पाहिलं होतं. पण "चल" म्हटलं. मी चाललो.

श्रीगोंदा गेलं. कर्जत गेलं. कर्जतच्या पुढं खड्ड्यात गाडी आपटली आणि सरकार जागे झाले. त्यांनी शेजारी पाहिलं.

"बाईसाहेब कुठायत?"

"काष्टीत हायती, सरकार."

"कधीपासून?"

"आपन निघाल्यापासून."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"तुमी इचारलं न्हाई."

गाडी वळवली. बाईसाहेब नवरीच्या आईशेजारी निवांत बसल्या होत्या. पान खात होत्या. त्या काही रागावल्या नाहीत. गाडीत बसल्या आणि सरकारांना म्हणाल्या, "ह्याला अधूनमधून विचारत जा. ह्याच्या पोटात पुष्कळ असतं."

त्या दिवसापासून सरकार दर सात-आठ कोसांवर विचारायचे, "रघू, काही सांगायचंय?"

मी म्हणायचो, "न्हाई, सरकार."

तीस वर्षं विचारलं. तीस वर्षं मी तेच उत्तर दिलं. मला पोरगी झाली तेही त्यांना बबनकडून कळलं.

*

साखर कारखान्याचा हंगाम सुरू होणार होता. मोळी टाकायच्या समारंभाला सरकारांना बोलावणं होतं. पाहुणे म्हणून पत्रिकेत नाव होतं. मी गाडी गेटाजवळ लावली आणि खाली उतरलो. दार उघडायला वळलो तर दोघातिघांनी मला धरलं. उसाचा ट्रॅक्टर चिखलात रुतून वाट अडली होती आणि त्याचा ड्रायव्हर पळाला होता.

"तुमी ड्रायव्हर ना? या की लवकर!"

मी गेलो. वाटलं, पाच मिनिटांचं काम. ट्रॅक्टर निघाला तो दीड तासानं. मी चिखलानं भरलेला परत आलो. मांडव रिकामा होत होता. सरकार गाडीत होते. तसेच. काठी गुडघ्यांत, फेटा डोक्यावर, दार बंद.

"झाला का समारंभ?"

"झाला, सरकार."

"हां. लाउडस्पीकरवर ऐकू येत होतं. माझा सत्कार पुकारला त्यांनी. दोनदा पुकारला. मग नारळ दुसऱ्या कुणाला दिला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर बबननं धीर करून विचारलं, "सरकार, दार आतून उघडतं की!"

सरकार म्हणाले, "मला माहीत आहे. पण दार मी उघडलं, तर मग रघूनं काय करायचं?"

बबन आजही हे सांगून हसतो. मी हसत नाही.

*

लोकांच्या आग्रहानं सरकार एकदा ग्रामपंचायतीला उभे राहिले. आमच्याच वॉर्डात. वॉर्ड केवढा? एका टोकाला खोकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू येईल एवढा. तरी प्रचार मोटारीतून. मी पहिल्या गिअरमध्ये गल्लीबोळ फिरवले.

अडचण एकच. सरदार घराण्यात हात पसरायचा नाही, काही मागायचं नाही. मग मत कसं मागणार? सरकार दारोदार गाडी थांबवायला लावायचे. मी दार उघडायचो. ते उतरायचे आणि विचारायचे, "ज्वारी कशी आहे? म्हस व्याली का?" लोक सांगायचे. सरकार "छान, छान" म्हणायचे आणि परत गाडीत!

एक म्हातारी न राहवून म्हणाली, "सरकार, तुमी उभं हायसा ना?"

"हो, उभा आहे."

"मंग काय म्हननं हाय?"

सरकार तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गुडघे कसे आहेत तुझे?"

मतदानाच्या दिवशी मी सकाळपासून म्हातारीकोतारी माणसं गाडीतून शाळेत पोचवत होतो. बबन कार्यकर्त्यांचा स्वयंपाक करत होता. दिवाणजी यादी घेऊन टेबलावर. संध्याकाळी पेट्या बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी निकाल लागला. सरकार दोन मतांनी पडले!

ओसरीवर सगळे बसले होते. दिवाणजी यादी तपासत होते. एकदम त्यांचं बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग बबनकडं. मग स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

आम्ही तिघांनी मत दिलंच नव्हतं.

सरकारांनी मला विचारलं, "अरे, वेळ मिळाला नाही का?"

"वेळ हुता, सरकार. पन तुमी सांगितलं न्हाई."

सरकार खूप हसले. इतके हसले की डोळे पुसावे लागले. "बरोबर आहे," म्हणाले, "मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मला मागता येत नाही. बबन, चहा टाक."

*

खर्ड्याच्या किल्ल्यात एका शाळेची सहल आली होती. मास्तरांनी सरकारांना बोलावलं. खर्ड्याच्या लढाईत सरकारांच्या पूर्वजांनी काय पराक्रम केला, ते मुलांना सांगायचं होतं. माईक लावला होता. हार होता.

सरकार उभे राहिले आणि म्हणाले, "मुलांनो, आमचे पूर्वज लढाईला आले होते. फौज घेऊन त्या टेकाडामागं थांबले होते. दोन्हीकडे निरोप धाडत होते की येतो, येतो. लढाई संपली. मग जे जिंकले त्यांच्याकडे गेले."

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी माईक हातात घेतला आणि सावरायला म्हणून विचारलं, "पण सरकार, शेवटी आपल्या घराण्यानं मोठा पराक्रम गाजवलाच ना?"

"गाजवला तर! ज्यांनी पराक्रम केला त्यांच्या घरात दिवा लावायला कोणी उरलं नाही. मी बघा, इथं उभा राहून तुमचा हार घालून घेतोय."

परत येताना सरकारांनी हार काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मास्तर नाराज झाला. थोडं खोटं बोललो असतो तर पोरं खूश झाली असती. तू काय केलं असतंस?"

"खरंच बोललो असतो, सरकार."

"जन्मात कधी खोटं बोलला नाहीस?"

"न्हाई."

हे मी अभिमानानं सांगितलं. तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

आरशात मला सरकार दिसत होते. ते बाहेर बघत म्हणाले, "अवघड आहे तुझं."

*

एका श्रावणात बाईसाहेब गेल्या. भंडारदरा राहिला.

सरकार एकटे जेवू लागले. घराण्याची रीत अशी की पंगतीला कोणीतरी हवं, एकट्यानं जेवायचं नाही. धाकटे सरकार दसऱ्याला पुण्याहून यायचे, दोन तास बसायचे, मोबाईलवर बोलायचे आणि जायचे. एरवी कोण?

सरकारांनी दिवाणजींना विचारलं. दिवाणजी म्हणाले, "मी घरी जेवतो, सरकार. घरी वाट बघतात."

बबनला विचारलं. बबन म्हणाला, "मी बसलो तर वाढायचं कुनी?"

मग मला बोलावलं. "रघू, तुला तर वाढायचं नाही. पाट मांडलाय. बस."

मी म्हणालो, "आमी सरकारांसमोर बसत न्हाई. माझा बाप तुमच्या वडलांसमोर बसला न्हाई."

"तुझा बाप त्यांचा घोडा धरायचा. घोडा कुठाय आता?"

"घोडा न्हाई. रीत हाय."

मी निघून आलो. मान ताठ होती माझी. वाटलं, बापाचं नाव राखलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि बबन स्वयंपाकघरात जेवत होतो. पिठलं-भाकरी होती. दारात सावली पडली. बघतो तर सरकार! हातात त्यांचं ताट. स्वतः उचलून आणलं होतं. आम्ही दोघं ताडकन उभे राहिलो. बबनच्या ताटातलं पिठलं त्याच्या धोतरावर सांडलं.

"बसा, बसा," सरकार म्हणाले.

आम्ही उभे.

"अरे, बसा ना. मीही खाली बसतो."

"तुमी बसा की, सरकार," बबन म्हणाला. "आमी उभं हाय."

कोणी बसेना. तिघंही ताटं धरून उभे. चुलीत लाकूड तडतडत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी सरकारांनीच आमच्या ताटांकडे पाहिलं.

"तुमच्या भाकरी गार व्हायला लागल्या," म्हणाले आणि ताट घेऊन परत गेले.

बबन हा किस्सा सांगतो तेव्हा पिठल्यापाशी थांबतो. लोक हसतात. पुढचं तो सांगत नाही. मीही त्याला सांगायला लावत नाही.

*

आता एकच किस्सा राहिला. हा मी बबनच्या हॉटेलात काढलेला नाही. सरकार गेले त्याच्या पंधरा दिवस आधीचा.

मोटार बंद पडून तीन वर्षं झाली होती. पार्ट मिळत नव्हते. चाकं काढून गाडी शेडमध्ये विटांवर चढवून ठेवली होती. तरी मी रोज सकाळी जाऊन पुसायचो. काचा, बंपर, दाराच्या मुठी. सरकारही मला पगारी ड्रायव्हरच म्हणायचे.

दुपार कलत आली होती. सरकार काठी टेकत शेडकडे आले. अंगात लग्नाकार्यातला कोट, डोक्याला फेटा.

"रघू, गाडी काढ."

"सरकार, गाडी इटांवर हाय."

"मला माहीत आहे. दार उघड."

मी मागचं दार उघडलं.

"मागं नको. आज पुढं बसतो."

मी पुढचं दार उघडलं. त्यांना बसायला वेळ लागला. त्यांचे पाय मी आत घेतले. दार लावलं. आणि बाहेर उभा राहिलो.

"बस ना."

मी तसाच उभा.

सरकार म्हणाले, "गाडीत बसण्यास हरकत नाही. दिवाणजींचा निकाल आहे."

मग मी पलीकडून जाऊन बसलो. बबननं दोन कप चहा आणला. एक त्यांच्या हातात दिला, एक माझ्यासमोर ठेवला आणि गेला. पुढचं त्याला माहीत नाही.

"भंडारदरा घे," सरकार म्हणाले.

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. नजर पुढं. ड्रायव्हरनं पुढं बघायचं असतं.

सरकार बोलू लागले. जामखेड गेलं, म्हणाले. कर्जत आलं, तो खड्डा चुकव. श्रीगोंदा आलं. "काष्टी आली. थांब जरा. आज बाईसाहेबांना विसरायचं नाही." मग थोडा वेळ थांबले, कोणी बसतंय असं. मग म्हणाले, "चल." नगर आलं. संगमनेर आलं. मग अकोले. बाईसाहेबांच्या माहेरची भातखाचरं. उजवीकडं पाणी चमकायला लागलं असेल बघ. वास येतोय का रे भाताचा?

मधेमधे विचारत होते, "रघू, काही सांगायचंय?"

"न्हाई, सरकार."

सांगायचं होतं. पोरीच्या लग्नाला त्यांनी शेला पाठवला होता, तो पोरीनं अजून जपून ठेवला आहे, हे सांगायचं होतं. त्या दिवशी पाटावर बसायला हवं होतं, हे सांगायचं होतं. हात स्टिअरिंगवर होते. चहा तसाच गार झाला.

ऊन शेडच्या भिंतीवरून खाली उतरलं. सरकारांचा आवाज बारीक झाला. डोळे मिटलेले होते.

"पोचलो का रे?"

मी पुढं पाहिलं. पुढं भिंत होती. भिंतीला खिळ्यावर जुना टायर टांगला होता.

"न्हाई, सरकार," मी म्हणालो. "गाडी इटांवर हाय."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. कितीतरी वेळ.

"खरं बोलतोस."

मी खाली उतरलो. बॉनेटला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेलो. चार पावलांचं अंतर.

मी पोचायच्या आत दार आतून उघडलेलं होतं.